गाद्या आवाज खातात

भाऊजी, काल तुमचा अ‍ॅम्प्लिफायर लावला.

तुमचे दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी गेले, शेजारून आणलेली पातेली आणि सतरंज्या परत झाल्या, आणि मी माडीवरची तुमची खोली झाडायला घेतली. कोणीतरी घ्यायलाच हवी होती. तुमचे दादा चार वेळा जिन्यापर्यंत जाऊन परत आले होते. टेबलावर तो हिरवा पेटारा तसाच होता, वरून तुमचा जुना टॉवेल पांघरलेला. दादा म्हणाले, "ह्याचं काय करायचं गं?" मी म्हटलं, "आधी चालतोय का बघू."

बटण दाबलं. तुम्ही शिकवल्याप्रमाणं आतले काचेचे व्हॉल्व्ह तांबूस होईपर्यंत तीस आकडे मोजले आणि तबकडीवर सुई ठेवली. नाट्यपदं गाणाऱ्या बाईंचा आवाज असा काही बाहेर आला की दादांनी दोन्ही कान झाकले. शेजारच्या गच्चीवर शिंदेकाकू सांडगे घालत होत्या. त्या तिथूनच ओरडल्या, "आलं का गं बाई परत ते पत्रे कापणं!" आणि लगेच जीभ चावली, कारण नुकतं माणूस गेलेल्या घरावर असं ओरडायचं नसतं. मी मात्र खो खो हसले. दादाही हसले. इतक्या दिवसांत आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो, ते तुमच्या त्या कर्कश पेटाऱ्यामुळं.

पेपरात देतात तसं तुमच्याबद्दल काही लिहायला मी बसलेली नाही. जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, हे ज्यांना हवं त्यांना ठाऊक आहे. लग्न का केलं नाहीत, हे कोणालाच ठाऊक नाही आणि आता कळायचंही नाही. मला फक्त ह्या अ‍ॅम्प्लिफायरविषयी बोलायचं आहे. त्याच्यापायी मी तुमच्याशी एक खोटं बोलले होते आणि ते सात वर्षं निभावलं. ते तुम्हाला समोर बसवून सांगायचं राहून गेलं.

तुम्ही तो करायला घेतलात तेव्हा सगळ्या कोल्हापुरात ट्रान्झिस्टर झाले होते. आपला दूधवालासुद्धा सायकलच्या हँडलला ट्रान्झिस्टर अडकवून यायचा. अशा वेळी तुम्हाला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर करायची हुक्की आली. दादा म्हणाले, "अरे, जग पुढं चाललंय आणि तू मागं?" तुम्ही म्हणालात, "दादा, ट्रान्झिस्टर चालू आहे का बंद, कळत नाही. व्हॉल्व्ह पेटतो. काम करणारं माणूस जरा तापलेलं दिसायला पाहिजे." हे म्हणताना माझ्याकडं बघितलंत. मी स्टोव्हपुढं होते, म्हणून नुसतं उलथनं उगारलं.

पत्र्याचा सांगाडा उद्यमनगरात वाकवून घेतलात. रंग दिलात तो तुमच्या कारखान्यातल्या ऑइल इंजिनांचाच, गडद हिरवा. मी विचारलं, "ह्याला डिझेल कुठून घालायचं?" तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुम्ही फक्त वेढे मोजा."

ट्रान्सफॉर्मर घरीच गुंडाळायचा हा तुमचा हट्ट. हातानं फिरवायचं ड्रिल टेबलाला आवळलंत, त्यात लाकडी रीळ बसवलंत आणि मोजायला मला बसवलंत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आठ तास "नंबर प्लीज" करून यायचं आणि घरी केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजायचे. शंभर झाले की तुरीचा एक दाणा वाटीत. एकदा शिंदेकाकू विरजण मागायला आल्या, मी "आहे" म्हणाले आणि आकडा गेला. तुम्ही कपाळाला हात लावलात. "वहिनी, विरजण महत्त्वाचं का ट्रान्सफॉर्मर?" मी म्हटलं, "उद्या ताक मागाल तेव्हा सांगते." पुन्हा पहिल्यापासून मोजलं. तुमच्याबरोबर काम करायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून करायची तयारी ठेवायची, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिल्यांदा वाजला तो रविवारी सकाळी, मटणाला फोडणी बसायच्या आधी. नाट्यपदांची तबकडी दादांनी मुद्दाम आणली होती. आवाज आला, आम्ही टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाले, "छान आहे." दादा सगळ्यालाच छान म्हणतात. मला बघून गेले तेव्हाही तेवढंच म्हणाले होते. पण मला खरोखरच बरा वाटला. भरदार, गोड, तबला खाली, बाईंचा गळा वर, जिथलं तिथं. तुम्ही मात्र मान वाकडी करून उभे.

"दबलाय," तुम्ही म्हणालात. "बाई घोंगडं पांघरून गातीय."

"मला तर नीट वाटतंय."

"तुमचा कान टेलिफोनचा, वहिनी. तुम्हाला कुणी हॅलो म्हटलं तरी नीट वाटतं."

आणि तुमची दुरुस्ती सुरू झाली. अ‍ॅम्प्लिफायरला पुढं दोन बटणं होती, एक जाड आवाजाचं आणि एक बारीक आवाजाचं. दुसऱ्याला तुम्ही ट्रेबल म्हणायचात. दोन्ही मध्यावर ठेवली की आवाज जसा तबकडीत आहे तसा बाहेर येतो, हे तुम्हीच सांगितलेलं. पण तुमचाच मध्य तुम्हाला पटेना. एक कंडेन्सर काढलात, दुसरा घातलात. मग तिसरा. व्हॉल्व्ह बदलून बघितलेत. स्पीकर ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. ट्रान्सफॉर्मर उसवून पुन्हा गुंडाळलात, म्हणजे मी पुन्हा तुरीचे दाणे घेऊन बसले. दर आठवड्याला तुम्ही खूश होऊन म्हणायचात, "आता जरा उघडला!" आणि दर आठवड्याला आम्ही ऐकायला जिन्याची एक पायरी खाली सरकून बसायचो. झांज वाजली की पाट्याला टाकी लावल्यासारखं व्हायचं. बाईंच्या प्रत्येक तानेला स्टीलच्या डब्यांची झाकणं साथ करायची. तुमच्या खोलीत झोपणारी मांजर घर सोडून शिंदेकाकूंकडं गेली आणि काकूंनी तिचीच तक्रार पोचवल्यासारखं मला विचारलं, "भाऊजींनी पत्रे कापायचा धंदा घरी काढला काय?"

मी म्हटलं, "रेडिओच्या दुकानातून आवाज मोजायचा मीटर आणा आणि मोजा एकदा."

"मीटर गातो का, वहिनी?"

"गात नाही. पण त्याला कशाचा अभिमानही नसतो."

हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. तुमचं म्हणणं, यंत्र कानानंच पारखायचं असतं. माझं म्हणणं, कान कोण पारखणार?

आणि तुमच्यापुढं असं बोलणारी मी एकटीच. बाकी जग तुमच्या कानाची शपथ घ्यायचं. कारखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक इंजिन आधी तुमच्यासमोर चालवलं जायचं. तुम्ही पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचात, मूठ कानाच्या हाडाशी धरायचात, डोळे मिटायचात. "हे जाऊ दे." "हे उघडा." उघडलं की दोष असायचाच. चंदगडची गोष्ट तर तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की मी तिच्यात बसून आल्यासारखं वाटतं. भर पावसात एस.टी.तून उतरलात, लांबवर भाताची गिरणी चालली होती, आणि स्टँडवरूनच म्हणालात, "त्या इंजिनाचं बेअरिंग आठ दिवस काढणार नाही." ते सहाव्या दिवशी गेलं. गिरणीवाला तुम्ही नजर लावली म्हणून भांडायला आला होता. कारखान्यात तुम्हाला नावानं कोणी हाकच मारत नव्हतं. "कानाला बोलवा," म्हणायचे.

तुमच्या आधी ते काम तुकाराममामा करायचे. तीस वर्षं इंजिनांच्या धडधडीत उभं राहून ते पार बहिरे झाले. मग त्यांना स्टोअरमध्ये नट-बोल्ट द्यायला बसवलं. लोक त्यांच्यापुढं मुद्दाम नुसते ओठ हलवायचे आणि हसायचे. हे तुम्ही घरी सांगितलंत तेव्हा हसला नव्हतात. ताटावरून तसेच उठला होतात. मी तेव्हाच म्हटलं होतं, "कानात कापूस घालत जा." तुम्ही म्हणालात, "कान झाकून इंजिन काय डोळ्यांनी ऐकू?" आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्या हेडफोनला लोकर दाबून केलेल्या मऊ नमद्याच्या दोन गोल गाद्या शिवून आणल्यात. एक्स्चेंजमधला तो हेडफोन आठ तासांत कानाची पाळी सोलून काढायचा, हे मी एकदाच बोलले होते. माझ्या कानांची एवढी काळजी करणाऱ्या माणसाला स्वतःचे दोन कान आहेत हे ध्यानातच नव्हतं. त्या गाद्या अजून आहेत. बाकीच्या मुली मला विचारतात, कुठून घेतल्या? मी सांगते, विकत मिळत नाहीत.

पावसाळा संपता संपता एका सकाळी तुम्ही चहा पीत म्हणालात, "यंदाचे डास सुधारले, वहिनी. चावतात, पण गुणगुणत नाहीत."

मी हसले. दादाही हसले. माझ्या कानाशी मेल्यांनी अख्खी रात्र सनई वाजवली होती. मग कांदा चिरता चिरता माझा हात थांबला. तुमच्या दंडावर चावल्याचे दहा फोड होते, आणि तुम्ही खरंच सांगत होतात.

आमच्या एक्स्चेंजमध्ये लाइनची तक्रार आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. दोष लाइनमध्ये आहे, यंत्रात आहे, की ऐकणाऱ्यात? आणि ऐकणाऱ्यात असला तर त्याला तसं कधी सांगायचं नाही, ही आमची पद्धत. म्हातारे पाटील मुंबईच्या लेकाशी बोलताना "ऐकू येत नाही" म्हणून ओरडले की आम्ही म्हणतो, "लाइन खराब आहे साहेब, त्यांना मोठ्यानं बोलायला सांगते." माणसाचा मान राहतो, बोलणं होतं, लाइन काही अब्रूनुकसानीची तक्रार करत नाही.

त्या रविवारी दुपारी मी वर आले आणि म्हटलं, "भाऊजी, आज आमच्या पद्धतीनं तपासू. पाठ करून बसा. मी बटण फिरवते, कधी फिरवलं ते सांगणार नाही. तुम्ही फक्त आवाज कसा आहे ते सांगा."

"वहिनी, आता माझी परीक्षा?"

"तुमची नाही, पेटाऱ्याची."

तुम्ही कॅलेंडरकडं तोंड करून बसलात, शाळेतल्या पोरासारखे ताठ. मी ट्रेबल मध्यावर ठेवला.

"दबलाय."

थोडा वाढवला.

"दबलाय. फिरवलं का?"

अजून वाढवला. माझे दात शिवशिवायला लागले.

"फरक न्हाई. फिरवा की!"

शेवटपर्यंत नेला. खाली दादांच्या हातातून काहीतरी पडलं.

"हां! आता उघडला बघा!"

मी सुई उचलली. एकदम शांत झालं. खात्री करायची म्हणून कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तुमच्या पाठीमागं, हातभर अंतरावर, हळूच हलवला. सात किल्ल्या. तुम्ही कॅलेंडर वाचत होतात. पुन्हा हलवला. "थांबलात का, वहिनी?" तुम्ही विचारलंत. "लावा की पुढची."

पेटारा पहिल्या रविवारीच ठीक होता. तुम्ही तीन महिने एका चांगल्या यंत्राला तुमच्या कानांच्या मापानं बिघडवत होतात. आणि हे बाहेर गेलं तर "कानाला बोलवा" म्हणणारेच तुमच्यापुढं नुसते ओठ हलवणार होते.

तुम्ही वळलात. "काय निघालं? दोष कशात?"

मी खोलीभर नजर फिरवली. लाइन, यंत्र, ऐकणारा. चौथं काहीतरी हवं होतं. भिंतीशी घरातल्या सगळ्या जादा अंथरुणांची चवड होती, कारण पाहुण्यांचं सगळं तुमच्याच खोलीत ठेवायचं असा आमचा जुलूम. चार गाद्या, दोन वाकळा, उशांचा ढीग, शिवाय तुमच्या खाटेवरची गादी.

"गाद्या," मी म्हटलं.

"गाद्या?"

"गाद्या आवाज खातात. जाड आवाज टिकतो, बारीक तेवढा जातो. आमच्या एक्स्चेंजच्या खोलीत भिंतींना उगीच का कापड लावलंय? तुमच्या पेटाऱ्यात काही दोष नाही, भाऊजी. खोली दबलीय."

तुम्ही माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलंत. मग म्हणालात, "व्हय की. हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

संध्याकाळपर्यंत आपण सगळ्या गाद्या खाली आणल्या. दादांनी विचारलं, "ह्या सगळ्या झोपणार कुठं?" मी म्हटलं, "तुमच्या डोक्यावर." महिनाभर आमच्या खोलीत चालायला जागा नव्हती. तुमच्या खाटेवरची गादी ठेवा म्हटलं तर तुम्हीच अडवलंत. "मग ती एकटी काय उपाशी राहणार हाय? काढा तीपण." आणि खाटेवर चटई अंथरलीत. तबकडी लावलीत, डोळे मिटलेत, म्हणालात, "फरक पडला, वहिनी. लाखात एक सांगितलंत."

मी खाली येऊन ढसाढसा रडले असते, पण आमटी उतू गेली होती.

नवल म्हणजे त्या दिवसापासून तुमची दुरुस्ती थांबली. एक कंडेन्सर हलला नाही. रविवारी आम्ही बसलो की तुम्ही स्वतःहून ट्रेबल आमच्या कानांना सोसेल इतका खाली आणायचात. "दादांना असाच आवडतो," म्हणायचात, आणि पूर्वी दबलाय म्हणायचात तो आवाज कौतुकानं ऐकत बसायचात. एकटे असलात की दार लावून बटण शेवटाला. मांजर परत आली. फक्त दार लागलं की ती उठून जायची. मला वाटलं, माझी लबाडी कामी आली, तुमचा कान तुमच्यापासून झाकला गेला. मनातल्या मनात थोडी शेखीही मिरवली.

पण खोटं पोसायला लागतं. हिवाळा आला की तुमची कंबर धरायची. मी निर्गुडीचा पाला शेकायला द्यायची आणि मनात म्हणायची, गादी दे, बाई, गादी दे. पण गादी वर न्यायची म्हणजे गाद्या आवाज खात नाहीत हे कबूल करायचं. मग दोष कशात, हा प्रश्न पुन्हा टेबलावर. म्हणून एक जाड घोंगडं दिलं. "हे आवाज खात नाही?" तुम्ही विचारलंत. "लोकर खात नाही," मी म्हटलं. "फक्त कापूस." तुम्ही गंभीरपणे मान डोलावलीत. आता आठवलं की वाटतं, किती कष्टानं हसू दाबलं असेल तुम्ही.

कारण आज सकाळी तुमच्या कारखान्यातला सर्जेराव आला होता.

तो दिवसांना येऊ शकला नाही, कारखान्याच्या कामावर बाहेरगावी होता. आपल्या गावाहून, बिद्रीहून, पहिल्या एस.टी.नं आला, पिशवीत गुळाची ढेप. चाळिशी उलटलेला माणूस, पण दारात उभा राहून पोरासारखं नाक पुसत होता. दादांनी त्याला आत घेतलं. चहा झाल्यावर बोलायचं म्हणून मी विचारलं, "इंजिनं आता कोण ऐकतं?"

"मीच की, वैनी. सात वर्सं झाली, निम्मं मीच ऐकतोय."

"निम्मं म्हणजे?"

"जाड आवाज तुमचं वसंतदा ऐकायचं, बारीक आवाज मी. बेअरिंगची घरघर, ठोका, ते सगळं त्यास्नी पेचकसातनं कळायचं. पर हवेची शिट्टी, बारीक गळती, ह्यातलं त्यास्नी ऐकूच येत नव्हतं. तुम्हास्नी ठाऊक न्हाय व्हय?"

मी दादांकडं बघितलं. दादा कपात बघत होते.

"साहेबांना माहीत होतं?" मी विचारलं.

"वसंतदांनीच सांगितलं की! सरळ केबिनात गेलं. मी बाहेर हुतो, सगळं ऐकू आलं. म्हनलं, 'साहेब, माझा बारीक कान गेलाय. माझा तुकाराममामा करायचा असंल तर करा. पर खराब इंजिन कुनाच्या हिरीवर जायाचं न्हाय.' साहेब म्हनलं, 'दुसऱ्याचे दोन कान घ्या जोडीला.' तवापासनं मी. कुनी हसलं न्हाय, वैनी. उलट पोरं म्हनायची, आता कानाला चार कान झालं."

हे कधी झालं ते मी विचारलं. सर्जेरावानं बोटं मोजली. गाद्या खाली आणल्या त्याच आठवड्यात. बहुधा सोमवारीच.

म्हणजे पाठ करून बसलेला माणूस परीक्षेत नापास झाला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन निकाल सांगून आला. ज्या गोष्टीला तुम्ही ताटावरून उठण्याइतके भ्यायलात, ती तुम्ही एका सकाळी केबिनमध्ये उभं राहून बोलून टाकलीत. आणि मी सात वर्षं तुमची अब्रू राखत बसले होते.

"मग घरी का नाही बोलले?" माझा आवाज जरा चढलाच. "आम्ही काय परके?"

सर्जेराव घुटमळला. "सांगू का, वैनी? राग न्हाय ना यायचा?"

"बोल."

"म्हनायचं, 'वैनीला ठाऊक हाय. तिनंच तर शोधून काढलं. माझा मान राहावा म्हनून गाद्यांचं नाव घेतलंय. खोटं बोलताना तिचं नाक लाल हुतंय. एवढ्या इमानानं खोटं बोललीय, ते खोटं पडू द्याचं न्हाय.' थंडीत कंबर धरून कामावर यायचं. आम्ही म्हनायचो, वसंतदा, एक गादी घ्या की वर. तर म्हनायचं, 'न्हाय रे. गाद्या आवाज खात्यात.' आनि हसत सुटायचं."

दादा उठले आणि खिडकीशी गेले. मी ढेप आत नेऊन ठेवली. स्वयंपाकघरात भिंतीवर तुमचा छोटा आरसा आहे, तुम्ही दाढीला वापरायचात तो. त्यात नाक बघितलं. लालच होतं.

भाऊजी, तुम्ही माझ्यामागं "ती" म्हणायचात हे मला ठाऊक नव्हतं. तोंडावर कायम "तुम्ही", मागं "तिनंच तर शोधून काढलं". चालेल. आपल्यात एवढं तेवढं चालायचं. पण मी तुमच्यावर रागावलेही आहे, ते सांगून टाकते. सात वर्षं चटईवर झोपलात! एक दिवस खाली येऊन म्हणायचं होतं, "वहिनी, बास झालं, गादी द्या." मीही एक दिवस वर येऊन म्हणायला हवं होतं, "भाऊजी, कान तपासून घेऊ." दोघंही जिन्याच्या दोन टोकांना बसून एकमेकांना वाचवत राहिलो. आणि तरी खरं सांगायचं तर, मला आज जितकं बरं वाटतंय तितकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मी खोटं बोलले याचं ओझं होतं. तुम्ही ते खोटं पहिल्याच मिनिटाला ओळखून पदरात घेतलंत, हे कळल्यावर ओझं कसलं?

आपला मीटरचा वाद मात्र मी हरले असं समजू नका. मी म्हणत होते, कान कोण पारखणार? तुमचे मी पारखले. माझं नाक तुम्ही पारखलंत. मीटर दोघांनीही आणला नाही.

दुपारी मी दादांना आणि सर्जेरावाला कामाला लावलं. चार गाद्या, दोन वाकळा, सगळ्या उशा, सगळं वर. सर्जेराव जिन्यात म्हणाला, "वैनी, ह्या कशाला आता?" मी म्हटलं, "वाहा गपगुमान." तुमच्या खाटेवरची चटई गुंडाळून ठेवली आणि तुमची गादी तुमच्या जागी घातली. नवी खोळ घातली. बाकीच्यांची चवड भिंतीशी, पूर्वी होती तिथंच. मांजर लगेच वरच्या गादीवर चढून बसली.

मग पेटारा लावला. तीस आकडे मोजले. बाईंची तीच तबकडी. ट्रेबल तुम्ही ठेवला होतात तिथंच, शेवटाला. सर्जेरावानं कान झाकले, दादांनी झाकले, मांजर उडी मारून खाली पळाली आणि शिंदेकाकू सांडग्यांचं ताट उचलून आत गेल्या. मी अख्खी बाजू उभं राहून ऐकली.

भाऊजी, आवाजात काडीचा फरक पडला नाही.